बोलता संगणक (लेखांक 7) : रिकव्हरीत खोल गेलेला आवाज

मागच्या लेखात नॅरेटरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ओळख झाली. नेमक्या अडचणीच्या वेळी त्याचा आवाज खोल का जातो, ते आज पाहू.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. दिल्ली विमानतळावर उड्डाणांची माहिती फळ्यावर हाताने लिहावी लागली. कित्येक यंत्रांवर रिकव्हरीत किंवा सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल काढायची होती. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याआधी 48 अंकी किल्ली भरायची. डोळसांसाठी हे नुसते वेळखाऊ काम होते. दृष्टिहीन माणसाची मात्र सगळी भिस्त नॅरेटरच्या आवाजावर असते, आणि तोच पुसट येतो.

विंडोजची रिकव्हरी म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेले एक छोटे, स्वतंत्र विंडोज. ते मेमरीत उतरून चालते. रोजच्या विंडोजमध्ये आवाज शंभरावर ठेवला असला, तरी या छोट्या विंडोजला त्याचा पत्ता नसतो. शिवाय इथे साउंडचे ड्रायव्हर जुजबी असतात. नव्या लॅपटॉपच्या बारीक स्पीकरना जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर अनेकदा कंपनीच्या खास ड्रायव्हरवर चालतो, आणि तो ड्रायव्हर इथे नसेल तर आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही. टास्कबार नाही, मिक्सर नाही, आवाजाची बटणेही चालतीलच असे नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही इथे आपोआप सुरू होत नाही.

विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की नॅरेटर सुरू होतो. मग कॅप्स लॉक आणि कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबत राहा. नॅरेटरचा स्वतःचा आवाज वाढतो. तेवढ्याने भागले नाही, तर तारेवरच आवाजाचे चाक असलेला हेडफोन किंवा स्वतःचा व्हॉल्यूम असलेले स्पीकर साध्या ऑडिओ जॅकला लावा. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय हाच, कारण ते चाक फिरवायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लूटूथवर मात्र विसंबू नका. मुळात ड्रायव्हरच नसेल, तर जाणकार तंत्रज्ञ ‘डिझम’ या आज्ञेने तो रिकव्हरीच्या फाइलमध्ये घालून देऊ शकतो.

बिटलॉकरची किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा अंक चुकला तर यंत्राला ते कळते. पण ‘गट चुकला’ ही सूचनाच ऐकू आली नाही, तर त्या सोयीचा उपयोग काय?

घरी हे जमले नाही, तर गाझियाबादच्या मराठी वाचकांपुढचा पर्याय म्हणजे लॅपटॉप खांद्याला लावून वैशालीहून मेट्रोची ब्लू लाइन, मंडी हाउसला बदलून व्हायोलेट लाइन, आणि नेहरू प्लेसचा संगणक बाजार. खेप लांबची आहे, पण मला जास्त खटकते ते आपली किल्ली आणि पासवर्ड परक्याला सांगावे लागणे. अपंग व्यक्ती हक्क कायदा तर 2016 मध्येच झाला. तेव्हा दृष्टिहीन कर्मचारी नेमणाऱ्या कचेऱ्यांनी संगणक हाती देण्यापूर्वी रिकव्हरीतला आवाजही तपासलाच पाहिजे.

तुम्हीही संगणक धड चालू असतानाच ही चाचणी करा. किल्ली आधी जवळ घ्या, शिफ्ट धरून ‘रिस्टार्ट’ निवडा, नॅरेटर लावा, आवाज नीट ऐका आणि ‘कंटिन्यू’ निवडून परत या. आवाज पुरेसा मोठा नसेल, तर चाकवाला हेडफोन आजच आणून ठेवा.