मुंग्यांच्या वाटेनं

बेंगळुरूच्या राजाजीनगरात आमच्या गल्लीत दारात जास्वंद नाही असं घर विरळाच. सकाळी पूजेची फुलं तोडायला सगळे येतात, तेव्हा नजर फुलांवर असते. फेब्रुवारी लागला, ऊन तापू लागलं, की मी मात्र आधी बुंधा बघते. मुंग्यांची रांग वर चढत असेल, तर वर काहीतरी गोड पाझरतंय.

आज रांग होती. तिच्या मागोमाग शेंड्यापर्यंत गेले. कोवळी पानं आक्रसलेली, बेचक्यात कापसाचा पुंजका. भिंग लावलं, तर पिठात घोळवल्यासारखे लंबगोल जीव. पिठ्या ढेकूण! एक नखानं चिरडला. डाग पिवळा पडला. जास्वंदीवरच्या नेहमीच्या जातीचा गुलाबीसर पडतो. दुसरा स्पिरिटच्या बाटलीत टाकला, तो काळा पडला. म्हणजे हा पपईवरचा.

मूळच्या मेक्सिकोकडच्या या किडीची आपल्याकडे पहिली नोंद २००८ मध्ये कोइम्बतूरला झाली. पपई, तुती, जास्वंद करत ती दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही पसरली. अंगावरच्या मेणामुळे फवारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नसे. शेवटी २०१० मध्ये बेंगळुरूतल्याच हेब्बाळच्या, आताच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं प्युर्तो रिकोहून तीन जातींचे परजीवी मित्रकीटक आणून सोडले. त्यांतला ‘असिरोफॅगस पपाये’ सर्वांत कामाचा ठरला. याची मादी ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि अळी त्याला आतून खाते. मागे उरतं ते फुगीर, तपकिरी टरफल.

म्हणून पुन्हा भिंग लावलं. पांढऱ्या गर्दीत चार तपकिरी टरफलं होती. एकाला गोल भोक होतं. आतला मित्र बाहेर पडलेला!

शेजारच्या अज्जी कुंपणावरून म्हणाल्या, “औषधी होडीरी,” म्हणजे औषध मारा. मी नकारार्थी मान हलवली. औषध मारलं असतं, तर आधी तो मित्रच मेला असता. फार भरलेला एकच शेंडा कापून पिशवीत बांधला, कारण उघड्यावर टाकला तर पिल्लं चालत, वाऱ्यावर उडत दुसऱ्या झाडावर जातात. बाकीच्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेनं धुतल्या. तपकिरी टरफलांची फांदी तेवढी सोडली. मुंग्या मधासारख्या रसासाठी ढेकणांची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. म्हणून बुंध्याला कापडी पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं.

सगळं वीस मिनिटांत झालं. महिनाभरानं पाहिलं असतं, तर झाडच छाटावं लागलं असतं. उद्या फूल तोडाल, तेव्हा एक पान उलटून बघा.