स्मृतीची उतरंड आणि समांतर संगणन

संगणकाचा वेग म्हणजे केवळ आकडेमोडीचा वेग, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. कचेरीतील कारकून कितीही तरबेज असला, तरी प्रत्येक नोंदीसाठी त्याला अभिलेख कक्षात खेप घालावी लागली तर त्याचा दिवस चालण्यातच संपेल. संगणकाचेही तसेच होते.

उतरंडीत जसे वर लहान आणि खाली मोठे मडके, तशी संगणकात स्मृतीची रचना असते. प्रक्रियकाजवळची स्मृती लहान पण अतिशय जलद. तिच्याखाली मोठी परंतु मंद स्मृती. त्याहून दूर, जाळ्याने जोडलेल्या इतर संगणकांची स्मृती. अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करतात तेव्हा कोणती माहिती कोठे ठेवावी, हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो. प्रचलित संगणक-भाषांमध्ये मात्र सर्व स्मृती एकसारखीच मानली जाते.

ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली ‘सेक्वोया’ ही भाषा मांडली. तिच्यात कामाचे घटक पाडतात. प्रत्येक घटकाला लागणारी माहिती प्रारंभीच त्याच्या हाती दिली जाते आणि काम संपल्यावर निष्कर्ष परत घेतला जातो. मधल्या काळात त्याला बाहेरच्या माहितीस हात लावता येत नाही. घटक दोन प्रकारचे असतात : एक काम वाटून देणारा, दुसरा प्रत्यक्ष गणित करणारा.

उदाहरणार्थ, १,०२४ ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या दोन तक्त्यांचा गुणाकार घेऊ. प्रत्येक संख्येस ४ बाइट धरल्यास एक तक्ता ४ मेगाबाइटचा होतो. त्या काळच्या ‘सेल’ प्रक्रियकातील आठ साहाय्यक प्रक्रियकांजवळ प्रत्येकी केवळ २५६ किलोबाइट स्मृती होती. तक्त्याचे ६४ गुणिले ६४ चे तुकडे केले, तर दोन तुकडे आणि त्यांचे उत्तर मिळून ४८ किलोबाइटमध्ये मावतात. तुकडा किती मोठा असावा, हे सेक्वोयामध्ये मूळ कार्यपद्धतीपासून वेगळे नोंदविले जाते. त्यामुळे यंत्र बदलले तरी कार्यपद्धती तीच राहते.

या शिस्तीला मर्यादाही आहेत. माहितीची विभागणी काम चालू असतानाच ठरत असेल, तेथे ती अपुरी पडते. त्याच विद्यापीठातून २०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘लीजन’ या प्रणालीने त्यावर मार्ग शोधला.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. हवामानाचे गणित करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. यंत्रे काही वर्षांत बदलतात. त्यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावली मात्र दीर्घकाळ वापराव्या लागतात. प्रत्येक नव्या यंत्रासाठी त्या पुन्हा लिहाव्या लागल्या, तर तज्ज्ञांचे श्रम त्यातच खर्ची पडतात. ते वाचले, तर पावसाचा अंदाज सुधारण्याच्या कामी येतील. समांतर संगणनाच्या भाषेची योग्य रचना महत्त्वाची ठरते ती यामुळेच.