रोटेटर : तानसाला न्यावा का?

पावसाळा सरला की तानसा-मुरबाडच्या आकाशात देवयानी दीर्घिका उत्तरेकडून सुमारे ६८ अंश उंचीपर्यंत चढते. तिची लांबी साधारण ३ अंश. ४०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि एपीएस-सी सेन्सर जोडला, तर चौकट मिळते जेमतेम ३.४ × २.२ अंशांची. म्हणजे कॅमेऱ्याचा कोन नेमका साधावाच लागतो. मोटरवाला रोटेटर तो लॅपटॉपवरून साधतो. दुसऱ्या रात्री तोच कोन परत मिळतो, मोझेकचे तुकडेही जुळतात.

किंमत बाजूला ठेवा, खरी अडचण जागेची. फ्लॅटनर ते सेन्सर हे अंतर बहुधा ५५ मिमी. त्यातच रोटेटरही बसवायचा. शिवाय वजन, आणखी एक केबल, आणि जोड किंचित तिरका बसला तर कोपऱ्यातले तारे लांबट. कोन बदलला की फ्लॅट फ्रेम नव्याने घ्याव्यात.

अल्ट-अ‍ॅझिमथ माउंटवर गोष्ट वेगळी. देवयानी सर्वांत उंच असताना तिथे चित्र तासाला सुमारे ३८ अंश फिरतं. लांब एक्स्पोजरसाठी मोटर हवीच. विषुववृत्तीय माउंटवर एकच लक्ष्य टिपणाऱ्याला अंशांच्या खुणांची, हाताने फिरवायची कडी पुरते. भिवंडी-कल्याणकडचा उजेड मात्र दोन्हींनी हटत नाही.