यीस्ट : अंगातले आणि ढोलीतले

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता नर्मदेवरचा तिलवारा घाट येतो. संक्रांतीला इथे जत्रा भरते. पहाटेच्या थंडीत लोक नदीत बुड्या मारतात, हातावर तिळाचे लाडू ठेवले जातात. तिळाशी या शहराचे नाते घाटावरच संपत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात तीळ आणि कारळे या पिकांच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे समन्वय केंद्र आहे. कारळ्यांना तिकडे रामतिल म्हणतात. मराठी घरात त्यांची चटणी होते. प्रयोगशाळेत मात्र याच दाण्यांच्या मदतीने एक जीवघेणे यीस्ट ओळखले जाते.

१९६२ साली श्टाइब या जर्मन शास्त्रज्ञाने ही युक्ती मांडली. कारळ्यांचा अर्क आगर या जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थात घालून काचेच्या थाळीत ओतायचा आणि त्यावर नमुना पसरायचा. काही दिवसांत यीस्टचे ठिपके उगवतात. कँडिडा या यीस्टचे ठिपके पांढरट राहतात, क्रिप्टोकॉकस या जीवघेण्या यीस्टचे तपकिरी होत जातात. कारळ्यांमधल्या फेनॉल गटातल्या रसायनांपासून क्रिप्टोकॉकस मेलॅनिन तयार करते. आपल्या केसांना काळेपणा देणारे रंगद्रव्य याच कुळातले. शरीरात शिरल्यावर हेच मेलॅनिन त्या यीस्टला रोगप्रतिकारक पेशींच्या माऱ्यापासून वाचवते.

या तपकिरी यीस्टचा पत्ता जबलपुरातही लागला. राणी दुर्गावती विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी शहरातल्या जिवंत झाडांच्या ढोल्यांमधले कुजके लाकूड तपासले. त्यात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि क्रिप्टोकॉकस गट्टी अशा दोन्ही जाती सापडल्या. २००७ मध्ये ‘मायकोपॅथॉलॉजिया’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एरवी हे यीस्ट मुख्यतः कबुतरांच्या विष्ठेशी जोडले जाते. पण ढोलीत यीस्ट सापडले म्हणून कोणी झाडांना घाबरण्याचे किंवा ती तोडण्याचे कारण नाही. या यीस्टचे कण श्वासावाटे पुष्कळांच्या फुप्फुसात जातात आणि बहुतेकांचे शरीर त्यांचा परस्पर बंदोबस्त करते.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. जिलेबीचे पीठ आंबवणारी, पाव फुगवणारी बुरशी याच जमातीतली. माणसाला आजारी पाडणाऱ्या यीस्टमध्ये सर्वांत जास्त भेटणारे नाव मात्र क्रिप्टोकॉकसचे नाही, कँडिडा अल्बिकन्सचे आहे. ते बाहेरून चाल करून येतेच असे नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ते थोड्या संख्येने राहतच असते. शेजारचे जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरतात. हा धाक सुटला की ते बोकाळते.

धाक सुटण्याची कारणे रोजच्या जगण्यातली आहेत. सर्दी-खोकल्यासाठी मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकने योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू मरतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण, स्टेरॉइड, कर्करोगावरचे औषधोपचार, एचआयव्ही यांनीही वाट मोकळी होते. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ न भरणे, कवळी रात्रभर तोंडात ठेवणे ही तर अगदी साधी कारणे. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांमुळे लघवीतून साखर जाते, तेव्हा जननेंद्रियांच्या त्वचेवर यीस्टला आयते खाद्य मिळते. हा त्रास पुरुषांनाही होतो.

चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग होतो, असा वैद्यकातला ढोबळ अंदाज आहे. तरीही ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य डॉक्टरांसमोर खालच्या आवाजात, बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येते. यात लाजण्यासारखे काही नाही आणि हा अस्वच्छतेचा पुरावाही नाही. दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव, असह्य खाज, लघवी करताना आग, लाली आणि सूज ही याची लक्षणे. तान्ह्या बाळाच्या किंवा वृद्धाच्या जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरतो. तो पुसला की खालची लाल, हुळहुळी कातडी दिसते. काखेत, जांघेत, स्तनांखाली घाम साचून त्वचा लाल होते आणि कडेने बारीक पुरळ उठते. पावसाळ्यात पाण्यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यांतही कधी कँडिडा असते.

पण प्रत्येक पांढरा स्राव यीस्टचा नसतो. वास येणारा, पातळ, करडा स्राव बहुधा जिवाणूंमुळे असतो आणि त्याचे औषध वेगळे. म्हणूनच काचपट्टीवरची तपासणी मोलाची. स्रावाचा थेंब, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच. क्षाराने मानवी पेशी विरघळून पुसट होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती पेशी दिसू लागतात. काहींना बटाट्याच्या डोळ्यासारखा कोंब फुटलेला, काही लांब धाग्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या. सोय असेल तिथे निदानाला काही मिनिटे पुरतात.

उपचारही सोपे आहेत. क्लोट्रिमॅझोलचे मलम किंवा योनीत ठेवायची गोळी, नाहीतर डॉक्टरांनी दिली तर फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. गरोदरपणी ही पोटात घ्यायची गोळी टाळतात आणि सात दिवस मलम किंवा योनीतली गोळी वापरतात. तोंडासाठी निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोलचे थेंब मिळतात. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये निस्टॅटिन जगासमोर आणले आणि राज्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले.

घात होतो तो दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने. बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा त्रास उलटला, तर रक्तातली साखर पाहायला हवी आणि यीस्टची जात कल्चर करून ओळखायला हवी. कँडिडा ग्लाब्राटासारख्या जाती फ्लुकोनॅझोलला सहज दाद देत नाहीत.

ढोलीतल्या यीस्टची गोष्ट मात्र खाजेवर थांबत नाही. एचआयव्हीने खचलेल्या शरीरात क्रिप्टोकॉकस फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. गट्टी ही जात तर धडधाकट माणसालाही गाठू शकते. आठवडे न् आठवडे न हटणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, अंधुक दिसणे, आणि मग भ्रम. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि कँडिडा अल्बिकन्स या दोघांनाही सर्वांत वरच्या गटात ठेवले.

क्रिप्टोकॉकसमुळे होणाऱ्या या मेंदूज्वरावर अँफोटेरिसिन बी आणि फ्लुसायटोसिन ही औषधे रुग्णालयात दाखल करून द्यावी लागतात, त्यानंतर अनेक महिने फ्लुकोनॅझोल. निदानाचे म्हटले, तर कारळ्यांच्या थाळीला उत्तर द्यायला काही दिवस लागतात. आता क्रिप्टोकॉकसचे प्रतिजन शोधणारी पट्टी रक्ताच्या किंवा पाठीतून काढलेल्या पाण्याच्या थेंबावरून सुमारे दहा मिनिटांत सांगते. एचआयव्हीच्या ज्या रुग्णांची सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या शंभराखाली गेली आहे, त्यांची ही रक्ततपासणी डोके दुखू लागण्याआधीच करायची असते.