नांगर किती बैलांचा?

ट्रॅक्टरसारखा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, मनात उद्भवेल. परंतु ज्या घरी वडिलोपार्जित शेत अद्याप एकत्र आहे, त्या घरी वास्तू व लग्नकार्य यांच्या खालोखाल मोठा खर्च आता ट्रॅक्टरचाच असतो. आणि निवड चुकली तर तिचे हप्ते घरातील सर्वांस, अगदी शिकणाऱ्या मुलांसही, सोसावे लागतात. म्हणून शेत पाहणाऱ्या एका भावावर हा विचार सोपवून इतरांनी स्वस्थ बसणे इष्ट नव्हे.

प्रश्न तसा पुरातन आहे. ‘कृषिपराशर’ या शेतीवरील संस्कृत ग्रंथात नांगरास बैल किती असावेत याचे विवेचन आहे. आठ बैलांचा नांगर धर्म्य, सहांचा व्यवहारापुरता, चारांचा निर्दयाचा. आणि दोनच बैलांवर सारा भार घालणाऱ्याचा तर ग्रंथकाराने कठोर शब्दांत निषेध केला आहे. मुक्या जनावरावर अतिभार पडू नये, हा त्यातील आशय. यंत्र आले आणि हा न्याय उलटला. शक्ती वाजवीपेक्षा अधिक घेतली तर यंत्र दमत नाही. दमतो तो त्याचा धनी.

आमचे शेत मुकुटबनच्या शिवारात आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील हा भाग. वणीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. जमीन काळी व भारी. पिके कापूस, तूर, सोयाबीन ही. भूमीच्या पोटात चुनखडी असल्यामुळे 2022 साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. गावच्या तरुणांस रोजगार मिळाला ही आनंदाची गोष्ट. पण सालगडी मिळणे अधिकच दुर्घट झाले. आमच्याकडील शेवटची बैलजोडी म्हातारी झाली, तेव्हा ट्रॅक्टर घ्यावा यावर घरात मतभेद उरला नाही. मतभेद झाला तो केवढा घ्यावा यावर.

शेत पाहणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, घ्यायचाच तर पंचेचाळीस अश्वशक्तीचा घेऊ. आपले काम संपल्यावर लोकांची वावरे करून देता येतील. हप्ता त्यातूनच फिटेल.” त्यासाठी थोरल्या पुतणीच्या शिक्षणाकरिता ठेवलेली ठेव मोडावी लागणार होती. मी निवृत्त शिक्षक. मला यंत्राचे ज्ञान बेताचेच. परंतु हिशेब करण्याची सवय मात्र जन्माची. मी त्याला म्हटले, “आधी कामांची यादी कर, मग यंत्राची.”

यादी अशी झाली : एकंदर नऊ एकर, त्यात एक एकर आमराई. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट. दरवर्षी ढेकळे फोडून जमीन भुसभुशीत करणे, पेरणी, डवरणी, फवारणी. आमराईतील गवत काढणे. शेणखत, कापूस व सरपण यांची ने-आण. या यादीत खरोखर अवजड काम एकच निघाले, ते म्हणजे नांगरट.

आता शक्तीचा हिशेब पाहू. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. चांगली बैलजोडी दिवसभराच्या कामात अदमासे तेवढीच शक्ती देते. नांगराचा एक फाळ तीस सेंटिमीटर रुंद व वीस सेंटिमीटर खोल चालला, तर सहाशे चौरस सेंटिमीटर माती कापली जाते. उन्हाळ्यातील भारी जमिनीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरास 0.7 किलो ओढ धरली, तर एका फाळास 420 किलो ओढ लागेल. ताशी चार किलोमीटर वेगाने ती सहा अश्वशक्तीहून थोडी अधिक होते. परंतु एंजिनाची सर्व शक्ती जमिनीपर्यंत पोचत नाही. दंतचक्रांत व चाकांच्या घसरणीत पुष्कळ वाया जाते. निम्म्याहून थोडी अधिक हाती लागली तरी समाधान मानावे. म्हणजे एका फाळास एंजिन अकरा-बारा अश्वशक्तीचे हवे, आणि थोडी शिल्लक धरली तर पंधराचे.

मग पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरे, असे वाटेल. येथेच पुष्कळजण फसतात. ओढ ही नुसत्या एंजिनावर नव्हे, वजनावरही अवलंबून असते. शेतातील मातीवर ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या सुमारे चाळीस-पंचेचाळीस टक्केच ओढू शकतो. त्यापुढे चाके जागीच फिरू लागतात. 420 किलो ओढण्यास हजार किलोच्या आसपास वजन हवे, आणि पंधरा अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर बहुधा आठशे किलोंच्या आसपास भरतात. दोन फाळांचा नांगर हवा असेल, तर वजन अठराशे-दोन हजार किलो लागेल; तोच पंचेचाळीस अश्वशक्तीचा वर्ग. पुतण्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

पण नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा! तेवढ्यासाठी वजनदार यंत्र बारमाही पोसावे काय? वजनाचा दुसराही एक दोष आहे. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. ती भीती खोटी ठरली. परंतु काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी जड चाके फिरविली, तर माती दबून खाली कठीण थर बसतो, पाणी मुरत नाही व मुळे खाली जात नाहीत, हे मात्र खरे आहे. हलक्या यंत्रास वाफशाची वाट पाहावी लागत नाही असे नाही. पण त्याच्याकडून अपाय कमी होतो.

दुसरे काम फिरत्या पात्यांच्या रोटाव्हेटरचे. एक मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरास साधारणतः वीस-पंचवीस अश्वशक्ती लागते. दीड मीटरच्यास पस्तीस-चाळीस. ताशी तीन किलोमीटर वेग व वळणांसाठी पाचवा हिस्सा वजा धरला, तर लहान रोटाव्हेटरने एकरास एक तास चाळीस मिनिटे लागतात, मोठ्याने एक तास सात मिनिटे. नऊ एकर धरले तरी पंधरा तास विरुद्ध दहा तास! पाच तासांच्या बचतीसाठी ठेव मोडावयाची की नाही, हे मग सर्वांस स्वच्छ दिसू लागले.

भाड्याने देण्याची कल्पना चांगली. पण तो स्वतंत्र धंदा आहे. त्यास चालक हवा, आणि गावात उधारी वसूल करण्याचा कठोरपणा हवा. पेरणीचे दिवस सर्वांचे एकच असतात. लोकांचे वावर आधी केले तर आपले मागे पडते.

वाद असा अर्धवट मिटला असता वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारले, “तो गोठ्याच्या फाटकातून आत येईल का?” आम्ही टेप घेऊन गेलो. फाटक पाच फूट रुंद निघाले. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची रुंदी जवळजवळ सहा फूट. आमराईतील खाली झुकलेल्या फांद्या, कपाशीच्या चार फुटी तासांमधील डवरणी, यांसही तीच अडचण. इतके आकडे मांडूनही जी गोष्ट मला सुचली नाही, ती त्या एका प्रश्नाने उघड झाली.

शेवटी चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांस गती असणारा ट्रॅक्टर ठरला. चारही चाके ओढत असल्याने कमी वजनाचाही पुरेपूर उपयोग होतो. बाजारात या वर्गात महिंद्रचा ‘जीवो 245’, कुबोटाचा ‘निओस्टार बी 2441’ ही नावे परिचित आहेत. याहून लहान हवा असल्यास पंधरा अश्वशक्तीचे महिंद्र ‘युवराज 215’ व ‘स्वराज 717’. नाव कोणतेही असो, तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : मागील उचल किती किलोंची आहे; अवजार फिरविणारा दांडा मिनिटास 540 फेरे देतो की नाही; आणि सुटे भाग व कारागीर वणीसारख्या जवळच्या गावी मिळतात की नाही. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तीन बिंदूंची जोडणी रूढ केली. तीमुळे अवजार ट्रॅक्टरशी एकजीव होते. परंतु लहान ट्रॅक्टरची जोडणी कधी अरुंद असते. जुनी अवजारे तीवर बसतील असे गृहीत धरू नये.

पैशांविषयी एवढेच. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्के झाला आहे. पाच लाखांच्या मूळ किमतीवर पस्तीस हजारांचा फरक पडतो. तो मोठे यंत्र घेण्यात न घालविता अवजारांत घालवावा. अवजाराविना ट्रॅक्टर म्हणजे कढईविना चूल!

एक सूचना भगिनींसाठी, आणि त्याहून अधिक पुरुषांसाठी. फिरत्या दांड्यावरील संरक्षक नळी कधीही काढू नये. साडीचा पदर वा उपरण्याचे टोक त्यात सापडले तर सावरण्यास क्षणही मिळत नाही. मडगार्डवर मुलांस बसवू नये. धुऱ्यावर आडवे चालवू नये. आणि ओझे नेहमी खालच्या आकड्यासच जोडावे, वर जोडल्यास पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो.

आता एक पावसाळा लोटला. यंत्राने निराशा केली नाही, असे म्हणणे असत्य होईल. आषाढात खताने भरलेली ट्रॉली पांदणीच्या चिखलात रुतली, ती आमच्याने निघाली नाही. शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर बोलवावा लागला. पुतण्या काही बोलला नाही. मीही बोललो नाही. दुसऱ्या खेपेस त्याने ट्रॉली अर्धीच भरली. उन्हाळ्यात नांगरट त्याच शेजाऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यावयाची असे ठरले आहे. पुतणीची ठेव जागच्या जागी आहे, व ती यंदा नागपुरास शिकावयास गेली.

ज्यांची जमीन वीस-पंचवीस एकर आहे, त्यांनी मोठाच घ्यावा; ज्यांची एक-दोन एकर आहे, त्यांनी न घेता भाड्याने काम करून घ्यावे. मधल्यांनी आधी कामे मोजावी, मग फाटक मोजावे, आणि सर्वांच्या शेवटी दुकानाची पायरी चढावी.