भेदभावाला ‘छळ’ कधी म्हणायचं?

मागच्या वेळी आपण 1951 च्या निर्वासित करारातली व्याख्या पाहिली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असेल आणि आपला देश संरक्षण देत नसेल, तर देशाबाहेर पडलेला माणूस निर्वासित ठरतो. पण ‘छळ’ म्हणजे काय, हे करार सांगत नाही. आणि प्रत्येक भेदभाव म्हणजे छळ नव्हे. मग रेषा कुठे आखायची?

उदाहरण म्हणून युरोपातले रोमा घेऊ. त्यांची रोमानी भाषा मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली. 1999 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका शहरात रोमा वस्तीसमोर भिंत उभी राहिली. टीका झाल्यावर ती पाडली गेली. ऑस्ट्राव्हा शहरात बौद्धिक अपंगत्वासाठीच्या शाळांत रोमा मुलं सर्रास घातली जात. 2007 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभावच ठरवला.

आता समजा, एक रोमा आई आश्रयाचा अर्ज करते. मुलगी अशाच शाळेत. कामाला गेलं की ‘जागा भरली’. घरावर दगड आले, पोलिसांनी तक्रार घेतली नाही. अधिकारी एकेक मुद्दा सुटा काढतो. शाळा आहे ना? बेकारी तर इतरांनाही असते. दगड एकदाच आले. झालं, अर्ज फेटाळला!

चूक इथेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाची 1979 ची मार्गदर्शक पुस्तिका सांगते की घटना एकत्र पाहा. पोट भरण्याचा, धर्म पाळण्याचा, इतरांना मिळतं ते शिक्षण घेण्याचा हक्क गंभीरपणे आखडला जात असेल, तर भेदभावही छळ ठरू शकतो. म्हणजे बेरीज करायची, मग वजन पाहायचं.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. 2000 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर स्लोव्हाकियातल्या एका रोमा माणसाचं प्रकरण आलं. हल्ल्यांची भीती होती, तरी तो हरला. कारण संरक्षण शंभर टक्के असावंच लागत नाही, व्यवहारात पुरेसं असलं म्हणजे झालं, असं ठरलं. म्हणून ‘कायदा आहे का’ एवढं विचारून भागत नाही. तक्रार नोंदली का? तपास झाला का? कुणाला शिक्षा झाली का?

तिसरा प्रश्न उद्याचा. परत पाठवलं तर काय होईल? इथे खात्री लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये म्हटलं की धोक्याची शक्यता 10 टक्के असली, तरी भीती साधार असू शकते.

शेवटचं. तपासणाराही पूर्वग्रहापासून मुक्त नसतो. 2001 मध्ये ब्रिटिश अधिकारी प्राग विमानतळावरच प्रवाशांची छाननी करू लागले. रोमांना जास्त संशयाने वागवलं गेलं. 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा बेकायदा वांशिक भेदभाव ठरवला. ज्यांना विमानातच चढू दिलं नाही, त्यांची बेरीज कुणी केलीच नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.