शिक्कामोर्तब

शिवाजी महाराजांच्या काळी राज्यकारभाराचा पत्रव्यवहार चिटणीस पाहत असत. बाळाजी आवजी हे महाराजांचे चिटणीस म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत. धन्याच्या मनातील आशय नेमका ओळखावा आणि तो मोजक्या, भारदस्त शब्दांत कागदावर उतरवावा, हे चिटणिसाचे कसब होय. परंतु पत्र कितीही सुरेख उतरले, तरी तेवढ्यानेच ते राजाचे पत्र होत नसे. त्यावर राजमुद्रा उमटावी लागे, आणि मजकूर जेथे संपे तेथे आणखी एक लहान शिक्का उठवीत. त्यास मोर्तब म्हणत. मजकूर येथे पुरा झाला, यापुढे कोणी काही घातल्यास ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. लेखणी चिटणिसाची, पण जबाबदारी मुद्रेच्या धन्याची, अशी ही व्यवस्था होती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या बोलण्यात अजूनही आहे.

आजच्या माणसास एक नवा चिटणीस लाभला आहे. तो हाडामांसाचा नाही. तो संगणकात वसतो. त्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक असे म्हणतात. पत्र, निबंध, अहवाल, सांगाल ते तो क्षणार्धात लिहून देतो. अनेक संस्था आपले वार्तापत्रही आता त्याच्याकडून लिहवून घेतात.

वार्तापत्र म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या सभासदांस व हितचिंतकांस ठरावीक काळाने धाडलेले बातमीचे पत्र. पूर्वी ते छापून घ्यावे लागे. घड्या घालाव्या लागत, पत्ते लिहावे लागत आणि प्रत्येक पाकिटास तिकीट लावावे लागे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने संगणकांच्या जाळ्यातून एका संगणकावरील माणसाचे पत्र दुसऱ्या संगणकावरील माणसास पोचविण्याची सोय केली. माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे वाटोळे चिन्ह घालण्याची पद्धतही त्यांचीच. त्या सोयीतून वाढलेल्या ई-मेलमुळे पाठविण्याचे कष्ट जवळजवळ नाहीसे झाले. उरले ते लिहिण्याचे कष्ट. तेही आता यंत्राने उचलले आहेत. मग माणसास करावयाचे राहिले तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी हे यंत्र लिहिते कसे, ते प्रथम पाहिले पाहिजे. ‘आकाशात काळे ढग दाटून आले आणि मुसळधार’, एवढेच म्हणून कोणी थांबले, तर ऐकणाऱ्याच्या मनात ‘पाऊस’ हा शब्द आपोआप येतो. कारण हे शब्द एकमेकांच्या सोबतीने येताना त्याने शेकडो वेळा ऐकलेले असतात. भाषेतील ही सोबत मोजून पाहण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. १९१३ मध्ये आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या एका ग्रंथातील २०,००० अक्षरे घेऊन, स्वरामागून व्यंजन व व्यंजनामागून स्वर किती वेळा येतो, याचा हिशेब मांडला. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढ्याच आधारावर शब्दांच्या ओळी जुळवून दाखविल्या. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाचे इंग्रजी नाव जॉन मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये योजिले. पुढे २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना प्रसिद्ध केली. तिच्यामुळे वाक्यातील जवळच्या व दूरच्या शब्दांचे परस्परसंबंध यंत्रास एकदमच लक्षात घेता येऊ लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हा साहाय्यक सर्वांसाठी खुला झाला आणि ही विद्या घरोघर पोचली.

तात्पर्य हे, की अफाट मजकूर वाचून या यंत्राने शब्दांची सोबत ओळखली आहे. पुढे कोणता शब्द शोभेल, हे ते फार चांगले जाणते. परंतु जे शोभते ते खरे असतेच असे नाही. यंत्राचे सारे सामर्थ्य आणि त्याची मोठी मर्यादा या एका वाक्यात सामावली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खेड्यातील शाळेने आपल्या ग्रंथालयाचे मासिक वार्तापत्र सुरू केले आहे. मुंबई-पुण्यास नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस ते जाते. त्यांच्याच देणग्यांतून ग्रंथालयात नवी पुस्तके येतात. १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथालयशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेत वाचनाचा कार्यक्रम झाला, आणि त्याची बातमी लिहिण्याचे काम सातवीच्या मुलांकडे आले. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी यंत्रास सांगितले, “आमच्या शाळेत ग्रंथपाल दिन झाला. त्याचे वार्तापत्र लिहून दे.”

यंत्राने तत्काळ लिहून दिले. ‘मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले. शंभराहून अधिक वाचकांनी मोठ्या उत्साहाने सहभाग घेतला. मुलांच्या चेहऱ्यांवर आनंद ओसंडून वाहत होता.’ भाषा शुद्ध, वाक्ये डौलदार! परंतु त्या दिवशी दीपप्रज्वलन झालेच नव्हते. आलेली माणसे होती ३७. कारण दुपारपासून पावसाची झड लागली होती.

यंत्राने हे मुद्दाम केले असे नव्हे. समारंभाच्या बातमीत दीपप्रज्वलन, मान्यवर आणि उत्साह हे शब्द नेहमी सोबत येतात, म्हणून त्याने ते आणून बसविले. काही साहाय्यक लिहिण्यापूर्वी माहिती शोधूनही पाहतात. पण शाळेच्या पडवीत काल काय घडले, हे कोठेच नोंदलेले नसेल, तर ते शोधणार कोठे?

मग मुलांनी आपली वही उघडली. कार्यक्रमाची वेळ, हजर माणसांची संख्या, वाचलेल्या पुस्तकांची नावे, ही टिपणे त्यांनी यंत्रापुढे ठेवली. वाचन चालू असता वीज गेली, तेव्हा एका मुलीच्या आजीने अंधारातच गोष्ट पुढे सांगितली, हेही कळविले. आजीला वाचता येत नव्हते. पण ती गोष्ट तिने लहानपणी जात्यावर बसून ऐकली होती. “एवढ्याच माहितीवरून दीडशे शब्दांत लिही. पदरचे काही घालू नकोस,” असेही मुलांनी बजावले. या वेळी मसुदा पुष्कळ चांगला उतरला. तरी आजीची हकिगत सांगताना यंत्राने ‘एक प्रेरणादायी क्षण’ असे कोरडे शब्द वापरले होते. मुलांनी ते खोडले आणि साध्या शब्दांत लिहिले, ‘वीज आली, तरी दिवा लावा असे कोणी म्हणाले नाही.’ ते वाक्य यंत्रास सुचणे कठीण होते. ते सुचण्यासाठी त्या अंधारात बसलेले असावे लागते.

दूर शहरात ते पत्र उघडणाऱ्या माणसास शंभर वाचकांच्या उत्साहाचे विशेष काही वाटले नसते. आजीची गोष्ट वाचून मात्र त्याला आपले गाव दिसते. आणि ३७ हा खरा आकडा वाचून त्याचा विश्वास वाढतो. आज हजेरीचा आकडा फुगविणारी संस्था उद्या देणगीचा हिशेब खरा देईल, याचा भरवसा काय?

ही भीती पोकळ नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राबरोबर एक पुरवणी वाचकांस मिळाली. तीत उन्हाळ्याच्या सुटीत वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची यादी होती. लेखकांची नावे खरी होती. पण त्यांतील १० पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती! पुरवणीचा तो मजकूर बाहेरच्या एका लेखकाने यंत्राच्या साहाय्याने तयार केला होता. नामांकित लेखकास शोभतील अशी पुस्तकांची नावे यंत्राने रचली, लेखकाने ती पडताळली नाहीत, आणि छापण्यापूर्वी दुसऱ्याही कोणी तपासली नाहीत. वाचकांनी ती पुस्तके शोधली, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. अशा वेळी यंत्रास कोणी जाब विचारीत नाही. जाब द्यावा लागतो तो ज्याच्या नावाने मजकूर निघाला त्यास.

यास्तव या चिटणिसाकडून काम घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. आधी टिपणे आपली असावीत. मग मसुदा त्याचा असण्यास हरकत नाही. मसुद्यातील प्रत्येक नाव, तारीख व आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहावा. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर यंत्राच्या वाचनात पुष्कळ कमी आलेला असतो. म्हणून लिंग, विभक्ती आणि वाक्याची ठेवण यांकडेही डोळसपणे पाहावे. कोणाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा घरगुती गोष्ट यंत्राच्या हवाली करू नये. कोणाची हकिगत छापावयाची, तर आधी त्या माणसास विचारावे. पत्र सर्वांस पाठविण्यापूर्वी एक प्रत स्वतःस पाठवून मोठ्याने वाचावी. डोळ्यांतून सुटलेली चूक पुष्कळदा कानास सापडते. एकदा ई-मेल शेकडो घरी पोचली, म्हणजे सुटलेल्या बाणाप्रमाणे ती परत घेता येत नाही.

यंत्रामुळे वेळ वाचतो, हे निर्विवाद आहे. अडखळणाऱ्या लेखकास ते धीर देते, विस्कळीत टिपणांस आकार देते, शुद्धलेखनातील चुकाही पुष्कळदा दाखविते. या साहाय्याचा अव्हेर करण्याचे कारण नाही. वाचलेला वेळ मात्र खरे काय घडले ते पाहण्यात, विचारण्यात आणि पडताळण्यात खर्च झाला पाहिजे.

जुन्या चिटणिसाची लेखणी कितीही चालो, मुद्रा धन्याच्याच हाती असे. नव्या चिटणिसाची लेखणी तर विजेच्या वेगाने धावते. म्हणून मुद्रा आता अधिकच घट्ट धरली पाहिजे. पत्राखाली आपले नाव घालणे म्हणजे ‘हे खरे आहे, मी पाहिले आहे’, अशी ग्वाही देणे होय. ते शिक्कामोर्तब माणसानेच करावयाचे असते.